बाण सरळ आहे का, हे बघण्याआधी तो किती लवतो ते बघा

अंबरनाथ : बारवी धरणाच्या काठचे पाडे असोत की मलंगगडाच्या पायथ्याची गावं, ‘तीरकामठा’ म्हणजे काय हे इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ठाकूर, कातकरी, वारली घरांतल्या जुन्या माणसांच्या हातात तो होता. वारली चित्रांतही तो दिसतो. आता शिकारीचा काळ गेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार हा गुन्हा आहे आणि ते बरंच झालं. पण तीरकामठा गेलेला नाही, तो शाळेच्या मैदानावर आला आहे. धनुर्विद्येच्या शालेय स्पर्धांत ‘इंडियन राउंड’ नावाचा वेगळा प्रकार असतो. त्यात धनुष्य बांबूचं लागतं, बाणही लाकडी किंवा बांबूचा. महागडं परदेशी धनुष्य नसलेल्या पोरापोरींसाठी हाच दरवाजा उघडा आहे.

राजस्थानातल्या उदयपूर भागातले लिंबाराम लहानपणी बांबूच्या धनुष्यानंच नेम धरायचे. पुढे ते भारताकडून तीन ऑलिंपिक खेळले. आपल्या महाराष्ट्रातलेही बघा. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचे प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला गेले. २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड प्रकारात जगज्जेते झाले. त्यामुळे गावागावांत पालक विचारू लागलेत, की आमच्या पोराचा नेम का चुकतो? बाण वाकडे आहेत म्हणून का? कार्बनचे घ्यावेत का?

थोडक्यात उत्तर असं : वाकडा बाण त्रास देतोच. पण बांबूच्या धनुष्यावर बहुतेक वेळा नेम चुकतो तो बाण वाकडा असल्यामुळे नव्हे, तर सगळे बाण सारखे नसल्यामुळे. त्यातही सगळ्यात जास्त फरक पडतो तो बाणाच्या लवण्याचा. हे नीट समजलं तर पैसे वाचतील.

बाण सरळ जात नाही, सापासारखा जातो

साधं धनुष्य हातात घ्या, बाण दोरीला लावा आणि दोरी न ओढता वरून बघा. बाणाचं टोक निशाणाकडे नसतं. धनुष्याच्या मुठीची जाडी मध्ये येते, त्यामुळे उजव्या हातानं दोरी ओढणाऱ्याचा बाण थोडा डावीकडे रोखलेला दिसतो. तरीही सोडल्यावर तो समोर जातो. कसा?

दोरी सुटते तेव्हा ती बाणाला मागून जोरात ढकलते. पुढचं टोक जड असतं, ते लगेच हलत नाही. मग मधला भाग लवतो. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. असा वळवळत तो मुठीला वळसा घालून निघतो आणि शेपटाकडचा भाग मुठीला न घासता सुटतो. थोडं पुढे गेल्यावर पिसं त्याला शांत करतात. हे डोळ्याला दिसत नाही, कारण सगळं पापणी लवायच्या आत होतं. अमेरिकेत क्लॅरेन्स हिकमन नावाच्या अभियंत्यानं १९३० च्या दशकात वेगवान कॅमेऱ्यानं चित्रण केलं, तेव्हा बाण असा लवताना स्पष्ट दिसला.

आता बाण फार कडक असेल तर तो पुरेसा लवत नाही, मुठीवर आपटतो आणि डावीकडे जातो. फार मऊ असेल तर जास्त लवतो आणि उजवीकडे जातो. हे उजव्या हातानं ओढणाऱ्याचं आणि बाण धनुष्याच्या डाव्या अंगाला ठेवणाऱ्याचं झालं. डावखुऱ्याचं उलट समजायचं. बाणाच्या या कडकपणाला धनुर्विद्येत ‘स्पाइन’ म्हणतात.

महागड्या धनुष्यांची मूठ मधोमध कापलेली असते, त्यामुळे बाण जवळजवळ सरळ रेषेत बसतो आणि स्पाइनची थोडी चूक ते पोटात घालतं. आपल्या कामठ्याला अशी सोय नाही. म्हणून ज्याच्याकडे साधं धनुष्य, त्यानं बाणाची निवड जास्त काळजीनं करायला हवी. दुकानात मात्र नेमकं उलट सांगितलं जातं.

मग वाकडेपणाचं काय?

वाकड्या बाणाचा खरा त्रास वेगळाच आहे. समजा बाणाला मध्ये थोडा बाक आहे. दोरीनं ढकलल्यावर बाण ज्या बाजूला लवणार, त्याच बाजूला आधीचा बाक असेल तर तो पटकन आणि जास्त लवतो, म्हणजे मऊ बाणासारखा वागतो. बाक उलट बाजूला असेल तर तो लवायला कुरकुर करतो, म्हणजे कडक बाणासारखा वागतो. तोच बाण एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. तुम्ही तो दोरीला कसा फिरवून लावला यावर सगळं अवलंबून. पोरगं म्हणतं, “हात हलला.” हात हललेलाच नसतो.

टोकाजवळचा आणि खाचेजवळचा बाक सगळ्यात वाईट. खाच म्हणजे दोरी बसते ती चीर. तिथं बाक असेल तर दोरीचा धक्काच तिरका बसतो. टोकाजवळ असेल तर पुढचं वजन बाजूला पडतं. अंदाजासाठी एक हिशेब बघू. ७० सेंटीमीटरच्या बाणाचं टोक रेषेपासून २ मिलिमीटर बाजूला आहे आणि बाण त्या टोकाच्या दिशेनंच गेला असं धरलं, तर ३० मीटरवर तो साडेआठ सेंटीमीटर बाजूला पडेल. १२२ सेंटीमीटरच्या निशाणावर एका वर्तुळाची पट्टी ६.१ सेंटीमीटरची असते, म्हणजे एक वर्तुळ तर गेलंच. प्रत्यक्षात पिसं बाणाला सावरतात, त्यामुळे फरक यापेक्षा कमी पडतो. पण पडतो.

मधोमध एक-दीड मिलिमीटरचा हलका बाक असेल, आणि बाण दर वेळी त्याच बाजूनं दोरीला लावला, तर इंडियन राउंडच्या ३० मीटरवर त्याची फार चिंता करू नका. दर वेळी त्याच बाजूनं लावायचं हे विसरू नका. त्यासाठीच तीन पिसांतलं एक पीस वेगळ्या रंगाचं ठेवतात.

आणि वजन? त्याकडे तर कुणी बघतच नाही. बाणाचा वेग सेकंदाला ४५ मीटर असेल, तर ३० मीटर जाईपर्यंत तो साधारण २ मीटर १८ सेंटीमीटर खाली येतो. वेग ४४ मीटर झाला तर २ मीटर २८ सेंटीमीटर. म्हणजे वेगात एका मीटरचा फरक आणि निशाणावर दहा सेंटीमीटर खाली! एवढा फरक पडायला २५ ग्रॅमच्या बाणात जेमतेम दीड ग्रॅम जास्त लागतो. वाकडा बाण डोळ्याला दिसतो, म्हणून त्याच्यावर खापर फुटतं. जड बाण दिसत नाही. ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर बारा बाण तोलून आणा आणि प्रत्येकावर वजन लिहा. दहा मिनिटांचं काम आहे.

घरच्या घरी कडकपणा मोजा

जुन्या लाकडी बाणांसाठी जगभर वापरतात ती पद्धत सोपी आहे. २६ इंच, म्हणजे ६६ सेंटीमीटर अंतरावरच्या दोन आधारांवर बाण आडवा ठेवायचा, मधोमध २ पौंड वजन टांगायचं आणि मध्यभाग किती खाली आला ते मोजायचं. २६ ला त्या इंचांनी भागलं की स्पाइन पौंडांत मिळतो. ३५ पौंडांच्या स्पाइनचा बाण साधारण १९ मिलिमीटर लवतो, ४० पौंडांचा साडेसोळा.

आपल्याला एवढ्या काटेकोर आकड्याची गरज नाही, आपल्याला बाण एकमेकांशी ताडून बघायचे आहेत. फळीवर दोन खिळे ठोका. एक लिटर पाण्यानं भरलेली बाटली दोरीनं मधोमध लटकवा, ती साधारण किलोभर भरते. मागे शाळेतली पट्टी उभी करा. बाटली लावण्याआधी कुठं होता आणि लावल्यावर कुठं आला, या दोन्हींतला फरक लिहा. नुसता शेवटचा आकडा घेतला तर वाकड्या बाणाचा मूळचा बाकही त्यात धरला जाईल आणि हिशेब फसेल.

मग बाण थोडा फिरवून पुन्हा मोजा. बांबूत हा फरक हमखास सापडतो. जाड बांबू फाडून तासलेल्या बाणात सालीकडची बाजू जास्त कडक असते, कारण बांबूचे धागे बाहेरच्या बाजूला दाट असतात. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात सुताराकडून गोल काठ्या काढून घेतल्या तरी लाकडाच्या रेषांप्रमाणे फरक येतोच. अशा काठीत रेषा टोकापासून शेवटापर्यंत धावतात का ते बघा. मध्येच बाहेर निघणाऱ्या रेषांची काठी बाणासाठी नको. कडक बाजूवर पेनानं खूण करा आणि सगळ्या बाणांत ती बाजू धनुष्याकडे येईल अशी खाच पाडा.

तासताना जपून. बाणाची जाडी ८ मिलिमीटरवरून साडेआठ झाली तर भरीव काठीचा कडकपणा पावपट वाढतो, कारण जाडीचा परिणाम चार वेळा गुणला जातो. म्हणजे दोन बाण बोटांना सारखेच लागले तरी धनुष्याला ते वेगळे वाटू शकतात. कडक बाण मऊ करायचा असेल तर बारीक पॉलिश पेपरनं थोडं थोडं घासा आणि दर वेळी बाटली लावून बघा.

बारापैकी जे सहा-सात बाण लवण्यात आणि वजनात जवळजवळ सारखे निघतील, तोच तुमचा संच. उरलेले सरावाला.

आता सरळ करा

सरळ करायचं काम बांबूसाठी कठीण नाही, फक्त वेळखाऊ आहे. ही विद्याही जुनी. जपानमध्ये बांबूचे बाण शेकून, खाच असलेल्या लाकडी हत्यारात धरून सरळ करतात. युरोपात इटली-ऑस्ट्रियाच्या सीमेवर १९९१ मध्ये बर्फात सापडलेल्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या भात्यात चौदा बाण होते. त्यांतले तयार दोनच, बाकी बारा अर्धवट. बाण बनवणं तेव्हाही सवडीचं काम होतं म्हणायचं.

सुरुवात बांबू निवडण्यापासून. बुरुडाकडून घ्या किंवा स्वतःच्या बांधावरचा घ्या. पावसाळा संपल्यावर थंडीत तोडलेला बरा, त्यात कीड कमी लागते. काड्या घट्ट मोळी बांधून सावलीत दोन-तीन महिने वाळवा. मोळी सैल बांधली तर वाळतानाच वाकतात. ओला बांबू शेकून सरळ केला तरी वाळताना पुन्हा वाकतो, ती मेहनत फुकट जाते.

वाळलेली काडी निखाऱ्यावर धरा, जाळावर नको. फिरवत राहा. हाताला चटका बसेल इतकी तापली की जाड फडक्यानं धरून उलट बाजूला किंचित जास्त वाकवा आणि थंड होईपर्यंत तशीच धरा. मध्येच सोडली की परत जागेवर. आधी दोन पेरांमधली कांडी सरळ करा, मग पेरं. बांबूचा बाक बहुतेक पेरावरच असतो आणि पेरं हट्टी असतात. काळी पडेपर्यंत भाजलेली काडी ठिसूळ होते, ती बाजूला टाका. सरळ झालेली काडी दोन दिवस ठेवून पुन्हा बघा, कारण थोडा बाक परत येतोच.

तपासायचं कसं? एक डोळा मिटून काडीच्या टोकाकडून बघणं ही आजोबांची पद्धत अजूनही चांगली. दुसरी पद्धत, गुळगुळीत फरशीच्या किंवा टेबलाच्या काठावर बाण असा ठेवा की टोक बाहेर राहील, आणि हळू लोटा. टोक एका जागी फिरलं तर ठीक, वर-खाली नाचलं तर बाक आहे. पेरांमुळे काडी थोडी धडधडते, तिकडे लक्ष देऊ नका. टोकाकडे बघा.

धनुष्य जुळवताना

इथं सरळपणाला खरं महत्त्व येतं. धनुष्याशी बाण जुळतो का हे बघण्यासाठी पिसं नसलेला बाण मारून बघतात. पिसं नसल्यामुळे त्याची चूक झाकली जात नाही. पण तो पिसाविना बाणच वाकडा असेल, तर तो तुम्हाला खोटं सांगेल. तुम्ही म्हणाल बाण मऊ आहे, कापून आखूड कराल, आणि चांगला संच वाया जाईल. म्हणून चाचणीसाठी संचातले सगळ्यात सरळ बाण वापरा.

दहा-बारा मीटरवर, मऊ मातीचा ढिगारा किंवा पेंढ्यानं भरलेली पोती मागे ठेवून, पिसांचे तीन बाण आणि पिसाविना एक-दोन बाण त्याच निशाणावर मारा. एकदा मारून निष्कर्ष काढू नका, चार-पाच फेऱ्या करा. उजव्या हाताच्या खेळाडूचा पिसाविना बाण बाकीच्यांच्या डावीकडे लागत असेल तर तो कडक, उजवीकडे लागत असेल तर मऊ. कडक असेल तर टोक थोडं जड करा किंवा काडी घासा. मऊ असेल तर टोक हलकं करा, नाहीतर बाण आखूड करा. पण एका वेळी अर्धा-एक सेंटीमीटरच कापा, कापलेलं परत जोडता येत नाही. आणि बाण पूर्ण ओढल्यावरही टोक मुठीच्या पुढे राहिलंच पाहिजे. पिसाविना बाण वर लागत असेल तर दोरीवरची खाचेची गाठ थोडी वर सरकवा, खाली लागत असेल तर खाली.

प्रत्येक सरावाआधी दोरी आणि मूठ यांतलं अंतर मोजा. दोरी ताणली की हे अंतर बदलतं आणि आठवडाभर केलेली जुळवाजुळव बिघडते. पिसं लावताना एका बाणाला एकाच पंखाची लावा, डाव्याची तर सगळी डाव्याची.

शेवटची परीक्षा सगळ्यात भरवशाची. बाणांवर नंबर टाका. प्रत्येक फेरीनंतर कुठला नंबर कुठं लागला ते वहीत लिहा. दहा फेऱ्यांत ७ नंबर आठ वेळा एकाच बाजूला पडला, तर दोष बाणाचा. तोच नंबर इकडेतिकडे पडत असेल, तर तो वाकडा आहे का, दर वेळी त्याच बाजूनं लावला जातो का ते बघा. सगळेच नंबर पसरत असतील, तर बाण सोडा, हाताचा सराव वाढवा.

कार्बनचे बाण घ्यावेत का?

इंडियन राउंड खेळायचं असेल तर आधी स्पर्धेचं परिपत्रक वाचा, कारण तिथं लाकडी किंवा बांबूचेच बाण लागतात. पुढे रिकर्व्ह किंवा कंपाउंडकडे वळायचं असेल तर कार्बन किंवा ॲल्युमिनियम लागणारच. पण पाकिटावर लिहिलेल्या सरळपणाच्या आकड्याला भुलू नका. ०.००६ इंच म्हणजे ०.१५ मिलिमीटर, ०.००१ इंच म्हणजे ०.०२५ मिलिमीटर. आकडा लहान तसा बाण महाग. नवशिक्या पोराला हा फरक निशाणावर दिसणार नाही. त्यापेक्षा त्याच्या धनुष्याच्या ताकदीला जुळणारा स्पाइन मागा. दुकानदारानं धनुष्य किती पौंडांचं आणि पोराची ओढ किती इंचांची हे विचारलं नाही, तर त्याच्याकडून बाण घेऊ नका. कार्बन वाकून राहत नाही, एकतर सरळ असतो नाहीतर तडकतो. ॲल्युमिनियमचा मात्र वाकला की वाकलेलाच राहतो.

तडकण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो, सरळपणाआधी हे बघायचं असतं. बाण कुठल्याही जातीचा असो, दोन्ही टोकं धरून कानाजवळ हलका वाकवा. करकर असा आवाज आला किंवा चीर दिसली तर तो बाण तिथंच मोडून टाका. दोरी सुटताना तडकलेला बाण मोडतो आणि त्याची फाट धनुष्य धरलेल्या हातात घुसते. खाचेच्या खाली दोऱ्याचे घट्ट वेढे द्या, म्हणजे खाच फाटत नाही. चिकटवून पुन्हा वापरू नका, सरावालाही नाही.

पावसाळ्यात बदलापूर-अंबरनाथकडे हवेत इतकी ओल असते की जून ते सप्टेंबर बांबूचे बाण थोडेफार वाकणारच. कोपऱ्यात भिंतीला तिरके टेकवून ठेवू नका. सपाट फळीवर आडवे ठेवा, नाहीतर खाचेला दोरा बांधून उभे लटकवा. काडीला तेलाचा किंवा वॉर्निशचा पातळ हात द्या, त्यानं ओल कमी धरते. दसऱ्याच्या आसपास सगळा संच पुन्हा बाहेर काढा, आधी करकर ऐका, मग वजन, मग बाटली, आणि शेवटी निखारे पेटवा.